खडी कोणी फोडली?

१.
सायकलींच्या जगात ‘ग्रॅव्हल’ हा शब्द गेल्या दोन दशकांत रुजला. शर्यतीच्या सायकलीसारखे वाकडे हँडल, पण टायर चाळीस-पंचेचाळीस मिलीमीटर रुंद, डिस्क ब्रेक आणि चढासाठी हलके गिअर. डांबर संपले तरी थांबावे लागू नये, अशी या सायकलीची घडण. अमेरिकेत कॅन्ससमधल्या फ्लिंट हिल्सच्या टेकड्यांत २००६ साली तिची एक मोठी शर्यत सुरू झाली. २०२२ साली इटलीत पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. मराठीत या रस्त्याला नवे नाव शोधावे लागत नाही. मुरमाचा रस्ता, खडीचा रस्ता, कच्चा रस्ता. त्यातल्या ‘कच्चा’ या शब्दात ‘अजून पक्का झालेला नाही’ ही तक्रारही आहे.

२.
या धाग्याचा विषय अशीच एक वाट आहे. ती भोरच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत सुरू होते, नीरेच्या खोऱ्याने पूर्वेकडे उतरते आणि महादेव डोंगररांगेच्या पायथ्याने माणदेशात म्हसवडला संपते. अंतर दोन-तीन दिवसांचे. नकाशावर तिला एक नाव नाही, कारण ती तुकड्यातुकड्यांची आहे : काही भाग जलाशयाच्या काठचा, काही कालव्याच्या भरावावरचा, काही डोंगरपायथ्याच्या गावांना जोडणाऱ्या खडीचा. यातला प्रत्येक तुकडा कोणत्या काळात, कशासाठी आणि कोणाच्या हातांनी झाला, हे विचारत गेले की सायकलीची सहल इतिहासाच्या वाचनात बदलते.

३.
आधी खडीविषयी. स्कॉटलंडचा जॉन लाउडन मॅकॅडम (१७५६–१८३६) याने रस्तेबांधणीचा विचारच उलटा केला. त्याच्याआधी चांगला रस्ता म्हणजे खाली मोठाल्या दगडांचा जाड पाया. मॅकॅडमचे म्हणणे असे की भार पेलते ती खालची माती, आणि ती कोरडी ठेवली की पुरे. म्हणून रस्ता आसपासच्या जमिनीपेक्षा किंचित उंच, मध्ये फुगीर, दोन्ही कडांना चर, आणि वर हाताने फोडलेली सारख्या मापाची खडी. सहा औंसांहून, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमहून जड दगड त्याला चालत नसे. नदीतले गोल गोटे एकमेकांवरून घसरतात. फोडलेल्या खडीचे कोन मात्र एकमेकांत अडकून घट्ट बसतात.

४.
म्हणजे या रस्त्याची सगळी ताकद दगड फोडण्यात आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कागदांत तो आजही ‘डब्ल्यूबीएम’ म्हणून नोंदला जातो : खडीचा थर, त्यावर मुरूम, मग पाणी आणि रोलर. दख्खनचा मुरूम म्हणजे झिजून भुगा झालेला काळा कातळच. ओलाव्यात तो खडीला बांधून ठेवतो, उन्हाळ्यात सुटून फुफाटा होतो, पावसाळ्यात चाकाला चिकटतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या रस्त्यांचा उत्तम काळ. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवावी आणि बाभळीच्या काट्यांसाठी आत सीलंट असावे, इतकीच पूर्वतयारी.

५.
पहिला तुकडा मावळातला. मावळात मुलूख ओळखला जाई तो खोऱ्यांनी. दोन डोंगररांगा, मध्ये एक नदी, तिच्या काठची गावे, आणि त्या सगळ्यांवर एक देशमुख घराणे. रोहिड खोऱ्यात जेधे आणि खोपडे, हिरडस मावळात बांदल. शिवकाळाचा इतिहास वाचताना ही नावे वारंवार येतात, पण खोरे म्हणजे नेमके काय, हे पुस्तकातून पुरते उमगत नाही. दिवसभर एका नदीच्या काठाने सायकल चालवावी आणि संध्याकाळी खिंड चढून पलीकडच्या पाण्यात उतरावे, तेव्हा कळते की त्या काळी खिंडीपलीकडचा माणूस शेजारी असूनही परका का वाटला असेल.

६.
भोरजवळचे वेळवंड खोरे यातलेच. उत्तरेच्या रांगेवर राजगडाची संजीवनी माची दिसते, तिच्या पायथ्याशी भुतोंडे. कोणत्याही खोऱ्यातली जुनी गाडीवाट नदीकाठच्या सपाटीवरून जाते, कारण बैलांना चढ नको असतो आणि गावेही तिथेच असतात. आजचा रस्ता मात्र डोंगराच्या उतारावर चढलेला आहे. प्रत्येक ओढ्यापाशी तो आत वळतो आणि पुन्हा बाहेर येतो. सायकलस्वाराला ही वळणे आवडतात. पण ती वळणे डोंगराने दिलेली नाहीत. ती पाण्याच्या पातळीने आखलेली आहेत.

७.
वेळवंडी नदीवर भाटघर येथे पहिले धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाले. त्याच्या जलाशयाचे नाव ‘लेक व्हाइटिंग’. पुढे १९२० च्या दशकात त्याहून कितीतरी मोठे धरण उभे राहिले आणि मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या नावाने ते ‘लॉइड डॅम’ झाले. नदीकाठची सपाटी बुडाली. घरे वर सरकली, तशी वाटही वर सरकली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की कांबरे गावचे कांबरेश्वराचे मंदिर काही आठवडे उघडे पडते आणि लोक दर्शनाला उतरतात. वर्षातला बहुतेक काळ पाण्याखाली राहणारे ते मंदिर म्हणजे जुन्या वाटेची पातळी दाखवणारी खूणच आहे.

८.
याच दशकात शेजारच्या मुळशी खोऱ्यात टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. १९२१ साली सुरू झालेला तो लढा इतिहासाच्या पुस्तकांत आहे, आणि तो तिथे असलाच पाहिजे. वेळवंडीच्या काठच्या बुडालेल्या शेतांना मात्र तसे पान मिळालेले नाही. त्यांची नोंद आहे ती रस्त्याच्या त्या वळणांत. नकाशा उघडून जलाशयाची किनार आणि रस्त्याची रेघ शेजारी शेजारी पाहावी. दोन्ही एकाच हाताने काढल्यासारख्या दिसतात.

९.
भाटघरचे पाणी साठते ते त्या खोऱ्यासाठी नव्हे. ते नदीने खाली उतरते आणि वीर येथून नीरा डाव्या कालव्यात शिरते. सायकलस्वारही तसाच उतरतो. सारोळ्याजवळ महामार्गाची गर्दी ओलांडली की डोंगर मागे हटतात, खोरे रुंदावते आणि वीरच्या पुढे दुसरा तुकडा सुरू होतो : कालव्याच्या भरावावरची, पाटबंधारे खात्याच्या तपासणीसाठी राखलेली वाट. पाटकरी इथूनच फिरतो, कोणत्या चारीला किती पाणी गेले ते पाहतो. चढ जवळजवळ नाहीच. पाणी वाहावे इतकाच उतार, तो डोळ्यांना दिसत नाही आणि पायांना जाणवत नाही.

१०.
हा डावा कालवा १८८० च्या दशकातला. त्याची निकड ठरवली ती १८७६-७८ च्या दुष्काळाने. त्या दुष्काळात दख्खनभर सरकारी कामे निघाली : रस्ते, तलाव, मातीचे भराव, दौंड-मनमाड लोहमार्ग. काम करील त्याला मजुरी, हे तत्त्व. ती मजुरी किती असावी यावरून मात्र मोठा वाद झाला. हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या आरंभी ती खाली आणली : प्रौढ पुरुषाला दिवसाला एक पौंड, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम धान्याची किंमत आणि वर किरकोळ भर. दिवसभर माती वाहणाऱ्या माणसासाठी.

११.
मजुरांनी यावर जे केले ते प्रत्येक इतिहासप्रेमीने लक्षात ठेवावे असे आहे. हजारो माणसे कामे सोडून निघून गेली. उपाशी माणसाने अन्न देणारे काम नाकारणे ही साधी गोष्ट नाही. पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू उचलून धरली, गावोगावची माहिती गोळा केली, सरकारला अर्जांवर अर्ज पाठवले. पुढे दुष्काळ आयोग नेमला गेला आणि दुष्काळात सरकारने काय करावे याचे नियम लिहिले गेले. ‘फॅमिन कोड’ नावाच्या त्या रुक्ष नियमावलीमागे ही काम सोडून गेलेली माणसेही उभी आहेत. त्यांची नावे कुठे उरली नाहीत.

१२.
कालव्याच्या भरावावरून पूर्वेकडे जाताना एक गोष्ट न सांगता समजते. उजव्या हाताला, कालवा आणि नदी यांच्यामध्ये, ऊस उभा असतो. डाव्या हाताला माळ. पाणी वरून खाली जाते. कालव्याच्या वरच्या अंगाला ते चढत नाही. बागायत आणि जिरायत हे शब्द सातबाऱ्यावर वाचलेले असतात, इथे ते चाकाच्या दोन बाजूंना असतात. दोन्हींमधले अंतर कालव्याच्या रुंदीएवढे. या एका रेघेने पुढच्या शंभर वर्षांचे साखर कारखाने, लग्नसंबंध, निवडणुका आणि स्थलांतरे यांवर परिणाम केला.

१३.
नीरा गावाजवळ नदी ओलांडावी लागते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी वाल्ह्याहून येऊन इथेच नदी पार करते आणि लोणंदकडे जाते. पादुकांना नीरेचे स्नान घडते. वारीची वाट ही या खोऱ्यातली कदाचित सर्वांत परिचित पायवाट. नदीपलीकडे हात बदलतात. नंतरच्या काळात झालेला उजवा कालवा लोणंद-फलटणच्या बाजूने जातो, त्यामुळे आता ऊस डावीकडे आणि माळ उजवीकडे. फलटणनंतर वाट दक्षिणेला वळते, कालवा सुटतो आणि तिसरा तुकडा सुरू होतो.

१४.
समोर महादेव डोंगररांग. सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षाला हजारो मिलीमीटर पाऊस कोसळतो, पण वारा डोंगर ओलांडून पूर्वेला उतरतो तेव्हा त्याच्यापाशी फारसे काही उरलेले नसते. माणदेशात वर्षाला सुमारे ५०० मिलीमीटर, तोही बेभरवशाचा. डोंगरावर शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव. चैत्रात कावडी मुंगी घाटाने वर चढतात. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजी भोसले यांनी या डोंगरावर यात्रेकरूंसाठी मोठे तळे बांधले. या मुलखात पुण्य म्हणजे पाणी, हे त्या काळीही लोकांना ठाऊक होते.

१५.
शिंगणापूरच्या आसपासच्या पायथ्यांवर गावांना जोडणारे खडीचे रस्ते म्हणजे ग्रॅव्हल सायकलीसाठी जणू मुद्दाम केलेले. रहदारी तुरळक, दूरवर दृष्टी जाईल असे माळ, अधूनमधून मेंढरांचे कळप. पण हे रस्ते, आणि महाराष्ट्राच्या अवर्षणी पट्ट्यातले असे असंख्य रस्ते, कळतात ते १९७२ या एका सालाने. १९७० पासून पाऊस हुलकावणी देत होता, १९७२ मध्ये त्याने पाठच फिरवली. विहिरी आटल्या, जनावरे बाजारात मातीमोल झाली. सरकारने दुष्काळी कामे काढली आणि मे १९७३ मध्ये या कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती.

१६.
त्या पिढीच्या बोलण्यात काही शब्द अजून जिवंत आहेत. सुकडी. अमेरिकेहून आलेली लाल मिलो. मुकादम, हजेरी, मस्टर. आणि ‘खडी फोडायला जाणे’. ज्यांच्या स्वतःच्या जमिनी होत्या, तेही शेजारच्या भूमिहीनांच्या रांगेत बसून खडी फोडत होते. बायका मोठ्या संख्येने होत्या. पाटाच्या किंवा रस्त्याच्या कडेला झोळीत मूल, हातात हातोडी. मॅकॅडमने सांगितलेले सारख्या मापाचे दगड इथे त्यांच्या हातून होत होते.

१७.
एक साधा हिशेब करून पाहावा. खडीचे माप ब्रासमध्ये होते; एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. तीन मीटर रुंदीच्या रस्त्यावर ७५ मिलीमीटर जाडीचा एकच थर द्यायचा, तर एका किलोमीटरला २२५ घनमीटर खडी लागते. म्हणजे जवळजवळ ८० ब्रास. रोलरखाली दबण्याआधीची सुटी खडी याहून जास्तच. कातळ आधी सुरुंगाने किंवा घणाने फोडायचा, मग त्याचे डबर, मग डबराची खडी. ताशी वीस किलोमीटरच्या वेगाने सायकल ते अंतर तीन मिनिटांत मागे टाकते.

१८.
या अनुभवातून एक कायदा जन्मला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ग्रामीण माणसाला मागेल तेव्हा काम मिळावे, ही कल्पना दुष्काळाआधीच मांडली होती आणि तासगाव भागात तिचा लहानसा प्रयोगही झाला होता. दुष्काळाने ती राज्यभर नेली. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणे हा हक्क झाला. २००५ मध्ये देशभरासाठी जो कायदा झाला, त्याची पूर्वपीठिका इथे आहे. १८७७ मध्ये काम सोडून गेलेल्या मजुरांपासून इथवर यायला शंभर वर्षे लागली.

१९.
आता शहरातल्या सायकलस्वाराच्या पगारपत्रकाकडे पाहू. त्यात ‘व्यवसाय कर’ अशी एक ओळ असते : महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. महाराष्ट्रात हा कर १९७५ सालच्या कायद्याने आला, तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी. शहरातल्या पगारदाराने गावातल्या बेकाराच्या मजुरीचा काही वाटा उचलायचा, असा तो करार होता. शनिवारी पहाटे पुण्याहून सायकल घेऊन निघालेल्या तरुणाला हे बहुधा ठाऊक नसते. रस्ता आणि तो यांच्यातले नाते मात्र त्याच्या जन्माआधीच कागदावर आले आहे.

२०.
इथे इटलीतल्या टस्कनीची आठवण होते. तिथल्या पांढऱ्या मातीच्या जुन्या रस्त्यांवर डांबर पडू लागले, तेव्हा ते वाचवण्याच्या हेतूने १९९७ साली ‘लेरोइका’ ही सायकलफेरी सुरू झाली. लोक जुन्या सायकली घेऊन, जुन्या काळाचे कपडे घालून त्या रस्त्यांवर येऊ लागले, आणि पांढरा रस्ता तिथला वारसा ठरला. मग सहज वाटते की माणदेशातल्या खडीच्या रस्त्यांसाठीही असे काही का होऊ नये? सायकलप्रेमींच्या गप्पांत हा सूर ऐकू येतो : सगळीकडे डांबर आणि काँक्रीट होत चालले, मजा गेली.

२१.
हा सूर नीट तपासून घ्यायला हवा. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे असते तेव्हा खडीचा रस्ता वारसा नसतो. दूध संकलन केंद्रावर वेळेत पोचवायचे असते, शाळेची एसटी पावसाळ्यातही यायला हवी असते. ज्यांनी ही खडी फोडली, त्यांनी ती वर डांबर पडावे या आशेने फोडली होती. पन्नास वर्षांनी तिच्यावर डांबर पडत असेल, तर तो त्यांचा अपूर्ण हिशेब पूर्ण होणे आहे. रस्ता कच्चाच राहावा ही इच्छा, दोन दिवसांनी पक्क्या रस्त्यावर परतणाऱ्याने धरू नये.

२२.
मग राखायचे काय? राखायची ती आठवण. १८७७ च्या मजुरांविषयी जे कळते ते सरकारी अहवालांतून आणि सार्वजनिक सभेच्या अर्जांतून; त्यांचा स्वतःचा आवाज कुठेच नाही. १९७२ चे तसे नाही. त्या वर्षी विशीत असलेली माणसे आज सत्तरी ओलांडून पारावर, देवळाच्या ओट्यावर, किराणा दुकानाच्या बाकड्यावर बसलेली आहेत. कोणत्या टेकडीचा दगड काढला, मुकादम कोण होता, मजुरी किती दिवसांनी हातात पडली, सुकडी कशी लागे, हे त्यांना सांगता येते. अजून पंधरा-वीस वर्षांनी ते सांगायला कोणी नसेल, आणि मग १९७२ देखील १८७७ सारखे केवळ कागदावर उरेल.

२३.
ग्रॅव्हल सायकलीचा इतिहासाच्या विद्यार्थ्याला होणारा खरा उपयोग इथे आहे. मोटार अशा गावांत थांबत नाही. पायी इतके अंतर जाववत नाही. सायकलला मात्र दर दहा-पंधरा किलोमीटरवर पाणी लागते, सावली लागते, कधी पंक्चर काढायला पार लागतो, आणि धुळीने माखलेल्या अनोळखी माणसाची चौकशी गाव आपणहून करते. त्या वेळी ‘हा रस्ता केव्हा झाला, आजोबा?’ एवढे विचारावे. परवानगी घेऊन फोनवर आवाज नोंदवून घ्यावा, गावाचे नाव आणि तारीख लिहून ठेवावी. ते साधन पुढे कोणालातरी लागणार आहे.

२४.
वाटेच्या शेवटी म्हसवडला सिद्धनाथाचे मंदिर आणि पुढे राजेवाडीचा जुना तलाव. तोही १८७६ नंतरच्या दुष्काळी काळातल्या सरकारी कामांपैकी एक. वेळवंड खोऱ्यातल्या जलाशयापासून इथवर आलेल्या माणसाने वाटेत तीन प्रकारचे रस्ते पाहिलेले असतात : पाण्याने वर ढकललेला, पाणी नेण्यासाठी केलेला आणि पाऊस न आल्यामुळे झालेला. तिन्हींवर चाकाखाली तोच काळा दगड. तलावाच्या भिंतीवर सायकल टेकवून ठेवावी आणि बाजूला बसलेल्या म्हाताऱ्यांना रामराम करावा. पुढचा धागा त्यांच्या बोलण्यातून सुरू व्हायला हवा.